पाळ, रूळ आणि पान

गोंदिया शहराची घरे संपतात न संपतात तोच फुलचूर सुरू होते. शहर आणि गाव यांच्यामध्ये पूर्वी धानाच्या बांध्या होत्या. आज त्यांतल्या बऱ्याच बांध्यांवर घरे उभी आहेत. शेजारीच फुलचूरटोला. ‘टोला’ म्हणजे मूळ गावातून फुटून वेगळी बसलेली वस्ती. कुठे जमीन कमी पडली, कुठे भाऊबंदकी झाली, कुठे जातीची वस्ती वेगळी पडली आणि टोला उभा राहिला. वैनगंगेच्या या खोऱ्यात असे टोले गावोगाव आहेत. गावाच्या नावापेक्षा टोल्याचे नाव त्या गावाच्या इतिहासाबद्दल पुष्कळदा अधिक सांगते.

हा भाग झाडीपट्टीचा. पोवार, कोहळी, कुणबी, लोधी, महार, गोंड, हलबा, ढीवर, गोवारी, कलार, तेली अशी इथली वस्ती. पोवारी, झाडीबोली, गोंडी, हिंदी आणि छत्तीसगढी या बोली एकाच बाजारात कानावर पडतात. राजे-महाराजांचा इतिहास इथे फारसा लांबत नाही. गढ-मंडला, देवगड आणि चांदा इथल्या गोंड सत्ता, मग नागपूरकर भोसले, मग इंग्रज, एवढ्यात तो आटोपतो. लोकांचा इतिहास मात्र लांब आहे. तो मुख्यतः तीन गोष्टींभोवती फिरतो: तलावाचे पाणी, जंगलातले पान आणि हातांचे श्रम. या तिन्हींवर हक्क कोणाचा, हा तंटा गेली दोनशे वर्षे या ना त्या रूपात चालूच आहे.

सालेकसा तालुक्यात धनेगावजवळ कचारगडची प्रचंड गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा अनेक राज्यांतून लोक येतात. गुहेत कोंडलेल्या तेहतीस मुलांची सुटका आणि पारी कुपार लिंगो यांनी घालून दिलेली गोत्रांची व्यवस्था ही त्या जागेची कथा. तिला इतिहास म्हणा किंवा श्रद्धा, पण या जंगलात पहिला पाय कोणाचा पडला याविषयी इथल्या लोकांच्या मनात संदेह नाही.

धान पिकवायचे तर पाणी साठवावेच लागते. इथे पाऊस भरपूर पडतो, पण त्याचा भरवसा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बांध्या तुडुंब भरतात आणि सप्टेंबरअखेर, लोंबी दाण्यावर येते तेव्हा, पाऊस पाठ फिरवतो. त्या शेवटच्या एका पाण्यावर सगळे पीक अवलंबून असते. हे शेवटचे पाणी हाताशी ठेवायचे म्हणून तलाव बांधले गेले. गोंड राजवटीत असा रिवाज होता की जो जंगल तोडून गाव वसवील आणि तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन माफीत किंवा हलक्या साऱ्यावर मिळे. कोहळी समाज या कामात तरबेज होता. माळव्यातील धारहून आल्याची परंपरा सांगणाऱ्या पोवारांनीही भोसल्यांच्या काळात वैनगंगेच्या काठाने बांध्या काढल्या. ‘जिथे कोहळी तिथे तलाव’ असे म्हणण्याजोगी स्थिती होती. ऊस आणि धान ही कोहळ्यांची पिके, आणि उसाला तर बारमाही पाणी हवे.

या तलावांची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. दोन टेकड्यांच्या मधली बोळकांडी शोधायची, तिथे मातीची पाळ घालायची, एका अंगाला जादा पाणी जाण्यासाठी सांडवा ठेवायचा. पाळीच्या पोटात पाणी सोडण्याची मोरी. तिच्या खाली पाट, आणि पाटातून पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जाई. प्रत्येक शेतापर्यंत वेगळा कालवा नसे. वरच्या शेतकऱ्याची बांधी भरली की धुरा फोडून पाणी खालच्याला द्यायचे. त्यामुळे शेजाऱ्याशी बोलचाल बंद करणे परवडत नसे. मोठ्या तलावाच्या वरच्या अंगाला लहान बोड्या असत. गाळ त्यांत बसे, खालचा तलाव स्वच्छ राही. उन्हाळ्यात बोडीतला गाळ बैलगाड्यांनी शेतात जाई. तलावाच्या काठच्या उथळ पाण्यात देवधान, कमळकंद आणि शिंगाडा, मधल्या पाण्यात मासळी. ती ढिवरांची. कोणत्या झुडपाखाली कोणती मासळी अंडी घालते हे त्यांना ठाऊक. स्थापत्यशास्त्राची पदवी नसलेल्यांनी हे सगळे उभे केले आणि त्यातले कित्येक तलाव आजही पाणी धरून आहेत.

यांतला सर्वांत मोठा नवेगावबांध, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधल्याचे सांगतात. भोवतीच्या डोंगरांना ‘सात बहिणी’ म्हणतात आणि बांध घालताना या बहिणींनी हात दिला अशी लोककथा आहे. सात बहिणींचे आणि पाटलांचे नाव राहिले. टोपल्यांनी माती वाहून ती पाळ चढवणाऱ्या बायाबापड्यांपैकी एकीचेही नाव कथेत नाही.

इंग्रजांशी पहिली गाठ १८१८ मध्ये पडली. नागपूरचे आप्पासाहेब भोसले पदच्युत होऊन निसटले होते आणि त्यांच्या बाजूने ठिकठिकाणी उठाव होत होते. गोंदियाजवळच्या कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल त्यांतले एक. कामठ्याची जमीनदारी मोठी होती, तिची गढी होती, माणसे होती. कॅप्टन गॉर्डन यांच्या हाताखालची फौज आली, उठाव मोडला आणि कामठ्याची जमीनदारी कुणबी पटेलांकडून लोधी घराण्याकडे गेली. रयतेच्या दृष्टीने मालक बदलला, सारा तोच राहिला. लांजीहून चालणारा या मुलुखाचा कारभार १८२० मध्ये भंडाऱ्याला हलला. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले औरस वारसाशिवाय वारले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला.

जमिनीच्या मालकीची खरी उलथापालथ करणारा निर्णय त्यानंतरचा आहे आणि तो एखाद्या लढाईपेक्षा अधिक परिणाम करून गेला. भोसल्यांच्या काळात मालगुजार म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा माणूस. गाव त्याच्या मालकीचे नव्हते. १८६० च्या दशकातील जमाबंदीत इंग्रजांनी त्याला गावाचा मालक केले. गाव, पडीक, झाडझाडोरा आणि तलाव त्याच्या नावावर चढले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध्या कसल्या ते कूळ ठरले. मालगुजाराची उत्तम जमीन ‘सीर’ म्हणून वेगळी झाली, आणि तिची रोवणी-कापणी आधी, मग स्वतःच्या बांधीकडे बघायचे, असा वेठीचा शिरस्ता पडला. याच सुमारास, १८६२ मध्ये, अमेरिकेत होमस्टेड कायदा झाला. जो जमीन कसून दाखवील त्याला १६० एकर जवळजवळ फुकट. ऐकायला तो नेमका उलटा न्याय वाटतो. पण ती १६० एकर तिथल्या आदिवासी जमातींकडून काढून घेतलेली होती. इकडे १८७८ च्या वन कायद्यानंतर सालेकसा, देवरी, अर्जुनीकडच्या जंगलांत राखीव वनांच्या हद्दी पडल्या आणि गोंड-हलब्यांना चराईचे, लाकूडफाट्याचे, मोहफुलांचे नियम लागू झाले. दोन खंडांत एकाच शतकात जंगलातल्या माणसाला आपल्याच जंगलात परवानगी मागावी लागली.

मालगुजारी वाईटच होती असे सरसकट म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. तलाव मालगुजाराच्या नावावर असला तरी त्याच्या सिरीचे पाणी त्याच तलावातून येई, म्हणून पाळ फुटणे त्यालाही परवडत नसे. दरवर्षी उन्हाळ्यात गाव पाळीवर कामाला लागे. ‘वाजिब-उल-अर्ज’ म्हणून गावच्या रिवाजांची जी नोंद होई तिच्यात कोणाला किती पाणी, कोणाला मासळी, कोणाची गुरे कुठे, हे लिहिलेले असे. निस्तार म्हणजे रोजच्या गरजेपुरता जंगल-पाण्याचा हक्क. हा शब्द इथल्या खेड्यांत आजही जिवंत आहे.

गोंदिया शहर यानंतरचे, आणि त्याच्या जन्माचा एक धागा थेट अमेरिकेच्या यादवी युद्धापर्यंत जातो. १८६०-६१ मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावर अमेरिकेतील दक्षिणेची राज्ये फुटून निघाली. उत्तरेने त्यांच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि गुलामांच्या हातांनी पिकलेला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचेना. मँचेस्टरची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. कापसाचे भाव आभाळाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध थांबले तसे भाव कोसळले आणि मुंबईत कित्येक पेढ्या बुडाल्या. पण कापसासाठी घाईने पुढे सरकलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ १८६७ मध्ये नागपूरला पोचला. कापूस नागपूरला संपतो आणि पुढे धान सुरू होते. त्या धानासाठी आणि छत्तीसगडच्या गव्हासाठी नागपूर-छत्तीसगड रेल्वे निघाली. मीटर गेजची ही गाडी १८८० ते १८८२ या काळात भंडारा-गोंदियाच्या मुलुखातून राजनांदगावला गेली. १८८७ मध्ये बेंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग घेऊन ब्रॉड गेज केला आणि १९०० च्या सुमारास गाडी थेट हावड्याला जाऊ लागली.

यानंतर अरुंद गेजचे दोन फाटे फुटले. उत्तरेला बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूर, १९०३ ते १९०५ या काळात. दक्षिणेला नागभीड, १९०८ मध्ये, आणि तिथून पुढे चांदा फोर्ट. रुळांमधले अंतर जेमतेम अडीच फूट. या गाड्या डोंगरातले सगळे काही खाली आणत: सागवान, बांबू, लाख, हरडा, मोहफूल, डिंक. डिंकाला इकडे ‘गोंद’ म्हणतात आणि गोंदिया हे नाव त्यावरूनच आले अशी एक समजूत आहे. चार दिशांचे रूळ एकत्र आले तिथे बाजार बसला. मारवाडी, गुजराती, कच्छी, सिंधी, छत्तीसगढी माणसे आली. धानाचे गंज आले, गिरण्या आल्या. १९२० मध्ये नगरपालिका झाली. भंडारा जिल्ह्याचे ठाणे राहिले, पण पैसा गोंदियात खेळू लागला.

रूळ आले म्हणजे दुष्काळ हटला, असे त्या काळचे अधिकारी लिहीत. वस्तुस्थिती वेगळी होती. १८९६ मध्ये पाऊस ऑगस्टअखेर थांबला आणि धान उभ्याउभ्या वाळले. १८९९ मध्ये पुन्हा तेच. १८९१ च्या शिरगणतीत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ४३ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ६ लाख ६३ हजारांवर आली. दहा वर्षांत ऐंशी हजार माणसे कमी. भूक, पटकी, हिवताप आणि स्थलांतर यांचा हा एकत्रित हिशेब. आगगाडी धान्य आणू शकत होती, पण ते विकत घ्यायला मजुराजवळ पैसा नव्हता. आणि भाव वर चढले की तीच गाडी इथले धान बाहेर नेत होती. पुढच्या दोन-तीन दशकांत सरकारने बोदलकसा, चोरखमारा, खळबंदा असे मोठे तलाव बांधले. त्यामागे या दोन दुष्काळांची धास्ती होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जंगलातले एक पान अचानक मोलाचे झाले. तेंदूच्या, म्हणजे टेंभुर्णीच्या पानात तंबाखू गुंडाळली तर पान फाटत नाही, वाळले तरी चिवट राहते, हे ध्यानात आले आणि जबलपूर-गोंदिया पट्ट्यात बिडीचा धंदा फोफावला. दुष्काळाने गुजरात सोडलेल्या पाटीदार कुटुंबांनी यात पुढाकार घेतला. तंबाखू गुजरातेतून, पान इथल्या जंगलातून आणि हात इथल्या खेड्यांतले. गोंदियाच्या मोठ्या बिडी पेढ्यांचा माल देशभर जाई. याच धंद्यातून पुढे आलेल्या मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली आणि जिथे मुलांना शिकायला नागपूर गाठावे लागे तिथे शाळा-महाविद्यालये उभी राहिली. बिडीने शहराला श्रीमंती दिली आणि शाळाही दिल्या. ती श्रीमंती कोणाच्या बोटांतून आली, तोही याच इतिहासाचा भाग आहे.

बिडी बांधणारी बहुतेक वेळा बाई असे. ओसरीत बसकण, मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि ओलसर पाने. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने पान कापायचे, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचे, टोक मुडपायचे, धाग्याचे दोन वेढे. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. मजुरी हजारावर. सकाळी चूल आवरल्यापासून दिवा लागेपर्यंत बसले तर हजार पुऱ्या होत, त्याही घरातल्या पोरींनी पाने कापून दिली तर. कारखानदार आणि बाई यांच्यामध्ये सट्टेदार. तो पाने-तंबाखू देई आणि बिड्या मोजून घेई. पाने कमी आणि खराब मिळत, पण बिड्या ठरल्या तितक्याच द्याव्या लागत. कमी पडलेली पाने बाईने पदरच्या पैशाने घ्यायची. मग ‘छाट’. अमुक बिड्या जाड, अमुक सैल, म्हणून बाजूला काढायच्या. त्यांची मजुरी नाही, बिड्याही परत नाहीत. छाटातल्या बिड्या पुढे बाजारात विकल्या जात हे सगळ्यांना ठाऊक होते. या एका शब्दावरून जितके तंटे झाले तितके मजुरीच्या दरावरूनही झाले नसतील.

बिडी बांधणाऱ्यांत महार समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. विणकामाचा पिढीजात धंदा गिरणीच्या कापडाने मोडला होता, जमीन नव्हती, आणि बिडीला जात आड येत नव्हती. कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांनी मध्य प्रांतातील बिडी मजुरांची संघटना बांधली. १९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे प्रांतिक विधिमंडळावर निवडून गेले. ‘जयभीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच देतात. म्हणजे आज देशभर उच्चारला जाणारा हा शब्द ज्या माणसाने पसरवला, तो बिडी मजुरांत काम करणारा होता. नागपूरच्या आर. एस. रुईकरांसारख्या कामगार पुढाऱ्यांनीही या धंद्यात लक्ष घातले.

स्वातंत्र्यानंतर लगेच घडलेली एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने १९४८ मध्ये एक कायदा केला: शेतीच्या हंगामात, जिल्हाधिकारी ठरवील त्या गावांमध्ये, बिडी बनवायला बंदी. कारण असे दिले की बिडीमुळे शेतीला मजूर मिळत नाहीत. याचा सरळ अर्थ, बाईने ओसरीत बसून बिडी बांधू नये, चिखलात उतरून रोवणी करावी. ज्यांना शेतीचे काम झेपतच नाही त्या म्हाताऱ्या, अपंग, लेकुरवाळ्या माणसांचेही हे काम बंद झाले. सागर जिल्ह्यातून या कायद्याला आव्हान दिले गेले आणि नोव्हेंबर १९५० मध्ये, राज्यघटना लागू होऊन वर्षही झाले नसताना, सर्वोच्च न्यायालयाने चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात तो रद्द केला. व्यवसायस्वातंत्र्यावर कितपत निर्बंध ‘वाजवी’ म्हणायचे, हे शिकवताना विधी महाविद्यालयांत हा निकाल आजही येतो. अमेरिकेत १८६५-६६ मध्ये गुलामगिरी नुकतीच संपली असताना दक्षिणेच्या राज्यांनी असेच कायदे केले होते. मुक्त झालेल्या काळ्या मजुराने दुसरे काम न धरता मळ्यावरच राबावे, हा त्यांचा हेतू. मजुराला दुसरा पर्याय सापडला की जमीनवाल्याला कायद्याची आठवण होते, हे मिसिसिपीत दिसले आणि वैनगंगेच्या खोऱ्याच्या प्रांतातही दिसले.

१९६६ मध्ये बिडी व सिगार कामगार कायदा झाला. घरी बसून बिडी बांधणारी बाईसुद्धा कामगार आहे हे त्याने मान्य केले आणि छाटावर मर्यादा घातली. १९७६ मध्ये बिडी कामगार कल्याण निधी आला. दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरकुले त्यातून निघाली. ओळखपत्र मात्र मालकाच्या सहीवर अवलंबून राहिले, आणि ज्याच्या नोंदवहीत नावच नाही त्याला कायदा कागदावरच राहिला.

१९५४ च्या मे महिन्यात या मुलुखाकडे सगळ्या देशाचे लक्ष लागले. भंडारा लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक होती. मतदारसंघ द्विसदस्य: एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १९५२ मध्ये मुंबईत त्यांचा पराभव झाला होता. ज्यांनी १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेतले, ज्यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील काळ्या समाजाचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून त्या समाजाच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागवली, ते बिडी मजुरांच्या आणि भूमिहीनांच्या या मतदारसंघात मते मागत फिरले. दुसरे मत कोणालाच न देता वाया घालवले तर बाबासाहेबांचा विजय सोपा होईल, असा हिशेब काही कार्यकर्त्यांनी मांडला. राज्यघटना तयार करणाऱ्याने मत वाया घालवा असे सांगायचे का, म्हणून त्यांनी तो धुडकावला, ही आठवण अजून सांगितली जाते. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे आठ हजार मतांनी जिंकले. बाबासाहेबांची ही शेवटची निवडणूक. अडीच वर्षांनी नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा भंडारा-गोंदियाकडून गाड्या भरभरून लोक गेले आणि गावोगावचे महारवाडे बुद्धविहारांचे झाले.

इकडे ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने गाव, जंगल, तलाव शासनाकडे आले. कुळांना जमीन मिळाली, वेठ गेली. हा या भागातला शतकातला सर्वांत मोठा बदल. तलावांचे मात्र वाटोळे झाले. जुना धनी गेला, नवा धनी म्हणजे सरकार, ते दूर. पाळीवर माती टाकायला गाव आता का जाईल? लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासळी सहकारी संस्थांच्या ठेक्याकडे, पाणीपट्टी तिसरीकडे. गाळ साचला, बेशरमाची झुडपे वाढली, पाळीला अतिक्रमण लागले. सरकारी कागदात त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात आणि लोक त्यातली आद्याक्षरे घेऊन ‘मामा तलाव’. अलीकडे अर्जुनी-मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना सोबत घेऊन काही तलाव सावरले. बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी मासे सोडले. यंत्राने गाळ उपसणाऱ्या सरकारी योजनांपेक्षा हे काम संथ आहे आणि अधिक टिकाऊ.

सीमा बदलल्या. १९५३ च्या नागपूर करारानंतर आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर भंडारा मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात आला. बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. पोवारांची सोयरीक बाघ आणि वैनगंगा नद्या ओलांडून अजून होते. नवे लोकही आले: अर्जुनी-मोरगाव तालुक्यात पूर्व बंगालचे निर्वासित आणि १९७२ पासून नोर्ग्येलिंग वसाहतीतले तिबेटी. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला, आठ तालुक्यांचा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १३,२२,५०७ होती.

जंगलाचा तंटा अजून मिटलेला नाही. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान, २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. प्रत्येक टप्प्यावर काही गावांचा निस्तार आखडला. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी नागपूरच्या विधानभवनावर गेलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मेले, त्यांत बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती. गुरे राखणारा हा समाज भंडारा-गोंदियाच्या गावागावांत आहे. दरवर्षी त्या तारखेला त्याची माणसे नागपूरला जातात.

तेंदूपानाचा व्यापार महाराष्ट्राने १९६९ च्या कायद्याने आपल्या हाती घेतला. फेब्रुवारी-मार्चमध्ये बेलकटाई, म्हणजे झुडपांची छाटणी, आणि मे महिन्यात तोडाई. पहाटे तीनला घर जंगलात जाते, ऊन चढायच्या आत पाने खुडून परतते, मग सगळे मिळून पुडे बांधतात. एका पुड्यात सत्तर पाने. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पाने. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजणी. मजुरी पुड्यांवर मिळे, पानाचा लिलाव आणि त्यावरचे स्वामित्वधन मात्र सरकारी तिजोरीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला दिली. शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्या गावाने स्वतःचा बांबू विकला. मग गोंदियातील देवरी, सडक-अर्जुनी, अर्जुनी-मोरगाव तालुक्यांतील ग्रामसभांनीही अर्ज भरले, हद्दी मोजल्या, पुरावे जोडले. यांतील काही ग्रामसभा आता खात्याला वगळून आपला तेंदू स्वतः लिलावात काढतात, व्यापाऱ्याशी करार करतात आणि स्वामित्वधन तोडाई करणाऱ्या घरांत वाटतात. गोणी तीच, सत्तर हजार पानांची. पावतीवर शिक्का ग्रामसभेचा असतो.